घेणेकरी

"मुलं किती?" समोरच्या म्हातारीनं डॉनाला विचारलं.

तैवानमधल्या लुकांग गावाच्या त्या गल्लीत राहायला येऊन डॉनाला आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची, आणि ते गाणं लांबून कानावर पडलं की सगळी गल्ली हातात पिशव्या घेऊन कोपऱ्यावर गोळा व्हायची. डॉनाही पिशवी घेऊन उभी होती. म्हातारीनं आधी त्या पिशवीत डोकावून पाहिलं, मग डॉनाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि मग विचारलं.

"नाहीत," डॉना म्हणाली.

"एकही नाही?"

"नाही."

"वय काय तुझं?"

"त्रेचाळीस."

म्हातारीनं चुकचुक केलं आणि जमलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, "नवरा समुद्रात पवनचक्क्या लावतो हिचा. अर्धा महिना पाण्यावर. मग मूल काय वाऱ्यानं होणार?"

बायका खिदळल्या. डॉनाही हसली. समजलं नाही तर हसायचं, आणि समजून लागलं तरी हसायचं, हे ती इंग्लंडातूनच शिकून आली होती.

डॉना आणि तिचा नवरा स्टुअर्ट मूळचे ग्रिम्सबीचे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर पूर्वी मासळीवर जगायचं, आता समुद्रातल्या पवनचक्क्यांवर जगतं. स्टुअर्ट त्याच कामातला. तैवानच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहतायत, अनुभवी माणसं हवी आहेत, असं कळलं तेव्हा त्यानं घरी येऊन एवढंच विचारलं, "जायचं का?" डॉना म्हणाली, "जाऊ या." का जायचं, ते कुणीच बोललं नाही.

त्यांना एक मुलगा होता. फिन. एका शुक्रवारी शाळेतून ताप घेऊन घरी आला आणि रविवारी हॉस्पिटलातच दगावला. मेंदूज्वर. सात वर्षांचा होता.

त्यानंतर ग्रिम्सबीत डॉनाशी कुणी वाईट वागलं नाही. फार जपून वागले सगळे. फुलं आली, कार्डं आली, आणि मग जी शांतता आली ती गेलीच नाही. दुकानात ओळखीची बाई समोरून यायची आणि डॉनाला पाहून बिस्किटांच्या फळ्यांमागे वळायची. घरी येणारे पावसावर बोलायचे. डॉनाची सख्खी बहीण शीला, तीसुद्धा फिनचा विषय निघेलसं वाटलं की उठून चहाचं पाणी ठेवायची. स्टुअर्टनं एका शनिवारी एकट्यानं फिनची खोली आवरली, खोकी माळ्यावर टाकली, आणि तोही त्या नावाच्या वाटेला जाईनासा झाला. आधी डॉनाला या गप्प बसण्याचा संताप यायचा. पुढं पुढं सवय झाली. अंगाला बसलेल्या जुन्या कोटासारखं ते मौन ती घालून फिरायला लागली, आणि तैवानला येताना तेच घालून आली.

पहिली दोन वर्षं ताइचुंग शहरात गेली, उंच इमारतीत, परदेशी लोकांत. दिवस खायला उठायचा म्हणून डॉना तिथली भाषा शिकली. मग स्टुअर्टला जुन्या गावातलं घर आवडलं आणि ते लुकांगला आले. इथे भिंतीला भिंत होती आणि कुणाला काही विचारायला लाज वाटत नव्हती. घरभाडं किती भरता? नवऱ्याला पगार किती? हातावर हे तपकिरी ठिपके कसले, रोग आहे का? महिनाभर माहेरी जाऊन आली तर कोपऱ्यावर नाश्त्याचं दुकान चालवणारी मेइ-फांग अंडं उलथता उलथता ओरडून म्हणाली, "जाडी झालीस गं!" आणि वर मनापासून खूश झाली.

समोरच्या म्हातारीचं आडनाव त्साई. गल्ली तिला आमा म्हणायची, आमा म्हणजे आजी. सत्तरीपुढची, बुटकी, गुडघ्यांनी अधू. दिवसभर दारात बसकं स्टूल टाकून कालवं फोडायची. तिच्या हातातली सुरी शिंपल्याच्या फटीत कशी शिरते ते दिसायचंसुद्धा नाही, इतके हात चालायचे. आणि तोंड त्याहून जास्त. नवरा कधीच गेलेला, मुलगा तैपेईत नोकरीला, सणावारी यायचा. डॉनाला गल्लीत तांगना म्हणायला सुरुवात तिनंच केली.

"तांगना, जेवलीस का?" आमा सकाळी विचारायची.

डॉना थांबून नीट उत्तर द्यायची, की सकाळी दोन टोस्ट खाल्ले, मार्मालेड लावून. दुपारी परत तोच प्रश्न. संध्याकाळी परत. आपण उपाशी दिसतो की काय, या काळजीनं तिनं एकदा मेइ-फांगला विचारलं. मेइ-फांगला हसू आवरेना. "अगं, 'हो' म्हणायचं आणि पुढं चालायचं! तिला काय तुझ्या टोस्टचं करायचंय?"

पण नुसतं बोलायचं म्हणून बोलायची खोड काही आमाच्याच देशात होती असं नाही. एकदा निरोप घेताना डॉना सहज म्हणून गेली, "आमा, या ना कधीतरी चहाला." ग्रिम्सबीत या वाक्याचा अर्थ 'बरंय, निघते' एवढाच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. आमा पेरूंची पिशवी, दोन नणंदा आणि एका नणंदेची सून अशा सरंजामासह उभी होती. डॉना गाऊनवर. आमानं चहात दूध पडताना पाहिलं आणि नणंदांना म्हणाली, "आजारी माणसासारखं पितात. पण पोरगी चांगली आहे."

मग सूप सुरू झालं. काळ्या कोंबडीचं, त्यात कसल्या कसल्या मुळ्या, कडूजहर. गर्भाशयाला ऊब येते म्हणून आमा दर महिन्याला भांडं भरून आणायची. डॉना म्हणायची, "वा, किती छान! कशाला त्रास घेतलात?" आणि आमाची पाठ वळली की सिंकमध्ये ओतायची. छान आहे म्हटल्यावर आमानं पुढच्या वेळी मोठं भांडं आणलं.

"नको म्हणून सांग ना," स्टुअर्ट म्हणायचा.

"कसं सांगू? वाईट वाटेल तिला."

"मग तुला मूल होणारच म्हणून ती बारशाचीही तयारी करेल."

तो हे बोलून गेला आणि दोघंही ताटाकडे पाहत राहिले. मग स्टुअर्ट हवामानाबद्दल बोलला. वारा चढणार होता, बोट सुटणार नव्हती.

वसंतात आमा तिला देवळात घेऊन गेली. मुलं देणारी देवी होती तिथे, बाजूच्या लहान गाभाऱ्यात. नाही म्हणणं डॉनाला याही वेळी जमलं नाही. आमानं उदबत्त्या पेटवल्या, तीन डॉनाच्या हातात दिल्या, आणि डोळे मिटून देवीला सांगायला लागली. "आई, ही तांगना. ब्रिटनची. पण आता आमच्या गल्लीत राहते, माझ्या समोर, हिरवं दार." मग डॉनाच्या कानाशी कुजबुजली, "पत्ता नीट सांगावा लागतो. नाहीतर मूल भलत्याच घरी जायचं." पुढ्यात फुलांची ताटली होती, पांढरी आणि तांबडी. "बोल, काय मागू? पांढरं फूल मुलाचं, तांबडं मुलीचं. बोल लवकर, हात दुखला माझा."

"मला मुलगा आहे," डॉना म्हणाली.

तिला 'होता' म्हणायचं होतं. पण त्या भाषेत आहे आणि होता यांचं वळण वेगळं, आणि घाईत तिला ते सापडलं नाही.

"आहे?" आमानं डोळे उघडले. "कुठे आहे?"

उदबत्तीची राख डॉनाच्या मनगटावर पडली, तरी तिनं हात हलवला नाही. आमानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ताटलीतलं उचललेलं फूल हळूच परत ठेवलं, देवीसमोर दोन वेळा वाकली, आणि डॉनाचं कोपर धरून तिला बाहेर पायरीवर आणून बसवलं.

"सांग," ती म्हणाली.

डॉनानं सांगितलं. शुक्रवारचा ताप, साधाच असेल म्हणून दिलेलं औषध, शनिवारी पोटावर उठलेले जांभळे ठिपके. जिथे शब्द अडला तिथे बोटानं दाखवलं. आमा तिचं मनगट घट्ट धरून बसली होती आणि उघड उघड रडत होती, नाक पुसत होती, येणारीजाणारी बघतायत याची तिला पर्वा नव्हती. आणि ती विचारत होती. कुणासारखा दिसायचा? झोपताना काय हातात लागायचं? हॉस्पिटलात काय मागितलं त्यानं? पाणी? तू होतीस ना जवळ? चार वर्षांत हे प्रश्न कुणीही विचारले नव्हते. नवऱ्यानं नाही, बहिणीनं नाही.

त्यानंतरचे दोनतीन महिने डॉनाला पुढं आयुष्यभर आठवले. ती सकाळीच रस्ता ओलांडून आमाशेजारी बसायची. तिला सुरी धरता येत नव्हती, म्हणून आमा तिला फोडलेली कालवं धुवायला द्यायची. डॉना फिनबद्दल बोलायची. तो वाटाणे मोजून खायचा. त्याला बोटींची नावं पाठ होती. कुत्र्यांना घाबरायचा आणि तसं कबूल करायचा नाही. आमा ऐकून म्हणायची, "लबाड! माझा असता तर एक ठेवून दिली असती." आणि डॉना हसायची, पोट धरून. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांना ते माहीत असायचं. मेइ-फांग नाश्त्याच्या पुडीत अंडं जास्त घालायची आणि पैसे घ्यायची नाही. डॉनाला त्याचंही काही वाटलं नाही. तिनं पेटीच्या तळातून फिनचा फोटो काढला आणि बैठकीतल्या फळीवर ठेवला.

स्टुअर्ट समुद्रावरून आला, बूट काढता काढता त्याला फोटो दिसला. त्यानं एक बूट हातात तसाच धरून ठेवला.

"इथे कशाला?" तो म्हणाला.

"मग कुठे?"

त्या मुक्कामात तो बैठकीत बसलाच नाही, वर झोपायच्या खोलीत जेवला. डॉनानं ताट वर नेऊन दिलं, पण फोटो हलवला नाही.

जूनमध्ये फिनचा वाढदिवस आला. स्टुअर्ट बोटीवर होता. डॉनाच्या मनात आलं, या वर्षी करू या. तिनं चॉकलेटचा केक केला, फिनला आवडायचा तसा, वर साखरेच्या रंगीत गोळ्या. तो अकरा वर्षांचा झाला असता, म्हणून अकरा मेणबत्त्या. फोटो मेजावर आणून ठेवला, आणि दुपारी रस्ता ओलांडून आमाला म्हणाली, "आज चहाला या. खरंच या. आज खास दिवस आहे."

आमा पाय ओढत आली, चांगले कपडे घालून. दारातच थबकली.

"हे काय मांडलंयस?"

"फिनचा वाढदिवस, आमा."

"विझव." आमाचा आवाज डॉनानं असा कधी ऐकला नव्हता. "आधी विझव ते. मेलेल्याचा कसला वाढदिवस? वय वाढवतेस त्याचं? हाका मारून बोलावतेस त्याला?" डॉना जागची हलेना, तेव्हा म्हातारीनं स्वतःच वाकून हातानं वारा घालत मेणबत्त्या विझवल्या. फोटो उचलला आणि मेजावर पालथा घातला. मग डॉनाचे दोन्ही हात हातात घेतले. आता तिचा आवाज मऊ झाला होता, लेकराला समजवावं तसा.

"ऐक माझं, पोरी. मी तुझ्या भल्याचं सांगते. तो तुझा मुलगा नव्हताच. घेणेकरी होता. मागल्या जन्मीचं काही देणं राहिलं होतं तुझं, ते वसूल करायला आला. तेवढं दूध प्यायला, तेवढं तुझं रडणं घेतलं, हिशेब फिटला, गेला. त्याच्यासाठी कुढायचं नसतं. फोटो काढून टाक. विसर त्याला. शिव्या घाल हवं तर. नाहीतर परत येईल वसुलीला, आणि या वेळी तुझ्या नवऱ्याला नेईल."

डॉनाला शब्द न् शब्द समजला. तिला वाटलं, समजला नसता तर बरं झालं असतं.

या क्षणी आमाच्या नात्यातल्या कुणी आरडाओरडा केला असता. मेइ-फांगनं केक भिरकावला असता. आमा रडली असती, ती रडली असती, आणि रात्रीच्या आत दोघी एका ताटात जेवल्या असत्या. डॉनानं तसं काही केलं नाही. तिनं हात हळूच सोडवून घेतले. हसली. केकचा एक मोठा तुकडा कापून कागदात नीट गुंडाळला, आमाच्या हातात दिला आणि म्हणाली, "आलात, बरं वाटलं. थँक्यू, आमा."

"समजलं ना तुला?"

"हो, समजलं."

आमा समाधानानं घरी गेली. डॉनानं दार लावलं, फोटो सरळ केला, आणि जमिनीवर बसली ती अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून ती समोर गेली नाही. कचरा टाकायला पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीकडे जायला लागली. आमा दारातून हाक मारायची, "तांगना, ये ना, गप्पा मारू." डॉना हात हलवून म्हणायची, "आज जरा गडबड आहे हं, आमा." रोज गडबड. आवाज गोड, हसणं तसंच. आमाला वाटलं, पोरगी आजारी आहे. तिनं दाराच्या कडीला तांदळाच्या खिरीचा डबा लटकवला. डॉनानं खीर टाकून दिली, डबा घासूनपुसून आमाच्या दाराशी ठेवला. रिकामा. रिकामं भांडं परत देत नाहीत, निदान एक पेरू तरी घालतात, हे एव्हाना तिला पक्कं माहीत होतं.

शेवटी आमा एक दिवस रस्ता ओलांडून आली आणि दारातच तिनं विचारलं, "माझा राग आलाय का तुला? काही चुकलं का माझं?"

एरवी काहीही विचारणाऱ्या त्या लोकांतही, आपलं चुकलं का असं मोठ्या माणसानं तोंडावर विचारणं म्हणजे फार झालं. म्हातारीला त्यासाठी किती बळ गोळा करावं लागलं असेल ते तिच्या मानेवरून दिसत होतं.

"छे, छे," डॉना म्हणाली. "अजिबात नाही. सगळं ठीक आहे."

"खरं?"

"अगदी खरं."

आमानं थोडा वेळ वाट पाहिली. मग परत गेली. त्यानंतर तिनं हाक मारली नाही.

पावसाळी वादळांचा हंगाम सरला तेव्हा मेइ-फांग दुकान बंद करून थेट डॉनाकडे आली, एप्रनसकट. बसलीसुद्धा नाही.

"आमा चाललीय तैपेईला. गुडघे गेले तिचे. रविवारी मुलगा न्यायला येतोय, घर भाड्यानं देणार. तुला कुणी सांगितलं का?"

"नाही."

"कोण सांगणार! तू बोलतेस कुणाशी?" मेइ-फांग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्या देशात असं असतं का गं? काय झालं ते सांगायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं हसायचं आणि माणसाला मारून टाकायचं?"

डॉनाचा चेहरा तापला. तिनं सांगितलं. केक, फोटो, घेणेकरी. आवाज चढला तिचा, इंग्रजी मधे घुसायला लागलं. "माझा मुलगा! सात वर्षांचा! आणि ती म्हणते शिव्या घाल त्याला!"

मेइ-फांग ऐकत होती. मग खुर्ची ओढून बसली.

"तिचा थोरला तळ्यात बुडाला," ती म्हणाली. "माशांच्या तळ्यात. सहा वर्षांचा होता. माझ्या आईनं पाहिलंय ते. आमाच्या सासूनं तिच्या हातात काठी दिली आणि पोराच्या शवपेटीवर मारायला लावली, आईबापाआधी मेला, पापी आहे, म्हणून. रडायचं नाही, पुरायला जायचं नाही, घरात नाव घ्यायचं नाही. आमा वेडीपिशी झाली होती, रात्री तळ्याकडे पळायची. तेव्हा सासूच बसली तिच्याजवळ आणि हे सांगितलं. तुझा नव्हताच तो, घेणेकरी होता. त्याच्यावर जगली बाई आजवर. धाकट्याला अजून ठाऊक नाही आपल्याला भाऊ होता म्हणून."

डॉनानं फिनच्या फोटोकडे पाहिलं.

"तुला वाईट बोलली नाही ती," मेइ-फांग उठत म्हणाली. "तिच्याकडे तेवढंच होतं."

रविवारी सकाळी गाडी आली. गल्लीतले सगळे निरोपाला जमले होते, फळांच्या पेट्या डिकीत कोंबत होते. आमा मागच्या सीटवर बसली होती, पाय अजून बाहेर, आणि मुलगा, चाळिशीचा चष्मेवाला गृहस्थ, तिची छत्री कुठे ठेवायची ते बघत होता. डॉना गर्दीतून पुढं झाली. काय बोलायचं ते तिनं शब्दकोश बघून पाठ केलं होतं. गुडघ्यांवर बसली, आमाचा हात धरला.

"आमा, तुमच्या थोरल्या मुलाबद्दल मला कळलं. फार वाईट वाटलं."

गल्ली एकदम थांबली. मेइ-फांगनं तोंडावर हात ठेवला.

"कुणाचा थोरला?" मुलानं मागे वळून विचारलं. "आई, काय म्हणतायत या?"

आमानं डॉनाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि मग काहीच नव्हतं. तिनं आपला हात काढून घेतला आणि पाय गाडीत घेतले.

"काही नाही रे," ती म्हणाली. "परदेशी बाई आहे. शब्द चुकतात तिचे. दार लाव."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आमानं मान वळवली नाही.

त्या आठवड्यात स्टुअर्ट घरी आला. जेवताना म्हणाला, "म्हातारी गेली म्हणे."

"हो."

"चांगली होती." तो काट्यानं बटाटा इकडून तिकडे करत होता. "मला भेटली होती उन्हाळ्यात, कोपऱ्यावर. तिनं माझ्या फोनमध्ये बोलून दाखवलं आणि फोननं इंग्रजीत सांगितलं, तुमचा मुलगा वसुली अधिकारी होता." तो किंचित हसला. "मला आधी कळेचना. मग ती परत परत बोलली, हातवारे करून. हिशेब फिटला, आता तुझ्याकडे काही बाकी नाही, असं काहीतरी. बोटीवर गेल्यावर मी त्याचाच विचार करत होतो. मला सारखं वाटायचं ना, शुक्रवारीच नेलं असतं तर. मीच म्हणालो होतो, ताप आहे, उतरेल." त्यानं काटा खाली ठेवला. "त्या रात्री मी रडलो, डॉना. तो गेल्यापासून पहिल्यांदा. बरं वाटलं मला."

चार वर्षं ती वाट पाहत होती, की तो एकदा तरी बोलेल. आणि तो बोलला ते हे.

"बरं वाटलं?" ती म्हणाली.

"हो."

"तो घेणेकरी होता, म्हणून?"

"तसं नाही गं. मला म्हणायचंय—"

"नाही, ठीक आहे," डॉना म्हणाली. "समजलं." आणि तिनं ताटं उचलली.

स्टुअर्टला हे 'ठीक आहे' चांगलं ओळखीचं होतं. जन्म त्याच देशात झालेला. त्यानं दोनतीनदा विषय काढून पाहिला, तिनं प्रत्येक वेळी हसून बाजूला सारला. हिवाळ्यात त्याचा करार वाढला, आणि ती "जरा शीलाकडे राहून येते" म्हणून निघाली. फोटो तिनं हाताशी असलेल्या पिशवीत ठेवला. परतीचं तिकीट काढायचं का, असं त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही काही सांगितलं नाही. मेइ-फांग सोडायला आली होती. तिनं डॉनाला मिठी मारून रडत विचारलं, "नवऱ्याशी भांडलीस का?" डॉना म्हणाली, "नाही."

मँचेस्टरच्या विमानतळावर शीला गाडी घेऊन आली होती. वाटेत तिनं रस्त्याच्या कामांबद्दल सांगितलं, मग नव्या बॉयलरबद्दल, मग गेल्या आठवड्यातल्या धुक्याबद्दल. डॉना मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवून बसली होती. काच थंड होती.

"कसं होतं गं तिकडे?" बऱ्याच वेळानं शीलानं विचारलं. "लोक कसे?"

"चांगले," डॉना म्हणाली. "फार प्रेमळ."

"हो ना? वाटलंच मला," शीला म्हणाली आणि तिनं हीटर वाढवला.